रुखमाबाईचे सोळा आणे

मला कायम करायचं की नाही, हे ठरवायला डिस्ट्रिक्ट कौन्सिलला तीन वर्षं पुरली नव्हती. दर मार्चअखेर मला कमी करत आणि जुलैत परत घेत. मधले तीन महिने मी शिक्षक नसे, पण वडनेरातच असे आणि पोरं मला मास्तरच म्हणत. त्यामुळे मी कमी झालो आहे हे मला आणि कौन्सिलला सोडून कुणाच्या लक्षात येत नसे. या तीन वर्षांत मी माझी ट्रंक पुरती उघडली नव्हती. वरचे दोन सदरे आणि एक धोतर काढायचं, परत ठेवायचं. खाली काय आहे ते मी विसरलो होतो.

चौथ्या वर्षी दिवाळी झाल्यावर बुलढाण्याहून कागद आला. जिल्ह्याला नवे साहेब आले होते आणि त्यांना पुस्तक लिहायचं होतं. ‘संधी आणि आयुष्यातील अनुभव यांविषयी रयतेच्या तोंडच्या म्हणी, वाक्प्रचार आणि सुभाषितवजा वाक्ये’ प्रत्येक शाळेने जमवून द्यायची होती. आमचे हेडमास्तर भगवंतराव यांना दमा होता आणि कागद पाहिला की तो वाढायचा. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. खाली शाळांच्या डिप्टीसाहेबांनी हाताने एक ओळ लिहिली होती. जो हंगामी शिक्षक निदान तीस वचने आणील, त्याला कायम करण्याची शिफारस केली जाईल.

ती ओळ मी चार वेळा वाचली. दमा मला असता तर चांगलं झालं असतं, निदान छातीत काहीतरी होण्याला नाव मिळालं असतं.

सोबत छापील तक्ता होता, दोन प्रतींत. एक कचेरीची, एक शाळेत ठेवायची नक्कल. पाच रकाने. अनुक्रम, नाव, वय, अनुभव, आणि त्यावरून सुचलेले वचन. मी दौत-टाक घेऊन गावात निघालो. मला वाटलं, हे सोपं आहे. म्हातारी माणसं भरपूर आहेत, त्यांना काम कमी आहे, आणि न विचारता तर ती रोज सांगतातच.

सगळ्यात आधी उकंडरावांकडे गेलो. वय पासष्टच्या पुढे, गावातला सर्वांत बोलका माणूस. एरवी मी त्यांच्या ओट्यावरून गेलो की जेवणाची वेळ चुकायची. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातला तक्ता पाहिला, त्यावरच्या उभ्या रेघा पाहिल्या.

“मास्तर,” ते म्हणाले, “माह्यावर आतापर्यंत काहीच गुदरलं नाही. तसंच लिहा.”

मी वय विचारलं. तेही लिहू नका म्हणाले. “वय लिहिलं की सायब इचारतीन, मंग एवढे दिवस काय करून राह्यला होता?”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी आजोबा घरात असून नाहीत म्हणून सांगितलं, आणि सांगायला आजोबाच बाहेर आले. संध्याकाळपर्यंत मी बावीस म्हाताऱ्यांना भेटलो. सगळ्यांचं मिळून दीड हजार वर्षांचं आयुष्य होतं आणि त्यात एकही गोष्ट घडलेली नव्हती.

कारण मला कादरने सांगितलं. कादर पिंजारी, गाद्या भरायचा, माझ्याच वयाचा, आणि गावात माझा एकच दोस्त. तो कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचा, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक असायचं. म्हणाला, माझ्या बापाच्या वेळेस बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवणारे लोक आले होते. शेतं मोजली. मोठ्या गोडीने विचारलं, विहीर आहे का कुणाची? लोकांनी हौसेने दाखवल्या, पाणी पाजलं. पुढच्या साली विहिरीवाल्यांचा शेतसारा वाढला. तेव्हापासून या गावात रेघा ओढलेल्या कागदाला कुणी काही दाखवत नाही.

“तुम्ही अनुभव लिहून नेता,” कादर म्हणाला, “उद्या त्याच्यावर पट्टी बसली त कोन भरते?”

मी त्याला समजावलं की अनुभवावर पट्टी बसवता येत नाही. तो म्हणाला, विहिरीबद्दलही लोक असंच म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा उकंडरावांच्या ओट्यावर बसलो. पायात गोळे आले होते, तक्ता कोरा होता आणि माघ लागायच्या आत डिप्टीसाहेब यायचे होते. कंटाळून मी म्हणालो, अनुभव वाईट असेल तर लिहून टाका, सरकार सूट देणार आहे.

हा विनोद होता. विनोद करताना माझा चेहरा हलत नाही, हा माझ्यातला दोष आहे. घरीही आईने दोन वेळा यावरून मला देवऋष्याकडे नेलं होतं. उकंडराव उठले आणि आत जाऊन त्यांनी पागोटं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढे चाळीस माणसं उभी होती. पोरांना वाटलं आज सुट्टी, ती पळाली. गर्दीच्या पुढे गावचे पाटील होते. पाटलांनी माझ्या हातून तक्ता घेतला, पाहिला आणि म्हणाले, हा कागद अपुरा आहे. आणेवारीचा रकाना कुठे आहे?

आणेवारी म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. दर हिवाळ्यात पाटील, पटवारी आणि दोन पंच शेताच्या बांधावर उभे राहतात, पिकाकडे दुःखी चेहऱ्याने पाहतात आणि आकडा बोलतात. सोळा आणे म्हणजे पीक भरपूर. आठ म्हणजे अर्धं. साऱ्या गावाची सरासरी सहाच्या खाली गेली की त्या सालचा सारा सुटतो. त्या साली कपाशीला बोंडं कमी आणि ज्वारीला कणीस लहान होतं, आणि तरी पिकाची आणेवारी सात लागली होती. गाव त्याच दुःखात होतं. तेवढ्यात माझा विनोद आला.

“आणेवारीशिवाय सूट भेटत नसते,” पाटील म्हणाले. “रेघ वढा.”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. हा तक्ता शाळाखात्याचा आहे, शेतसाऱ्याशी याचा काही संबंध नाही, मी गंमत केली. चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती. चौथ्या रकान्यात भरायला त्यांनी रात्रभर अनुभव आठवून आणले होते. मला तीस वचनं पाहिजे होती. मी पट्टी घेतली आणि सहावी रेघ ओढली.

चावडीवर पंच बसले. पाटील स्वतः, उकंडराव, आणि कादर, कारण तो सगळ्या घरांत गाद्या भरायला जायचा आणि कोण कसं झोपतं ते त्याला माहीत होतं. माणूस पुढे येऊन आयुष्य सांगायचा. पंच त्याच्याकडे बांधावरून पाहावं तसे पाहायचे आणि आकडा बोलायचे. मी लिहायचो.

उकंडरावांनी स्वतःपासून सुरुवात केली. तरुणपणी ते नागपूरला एका मोठ्या सावकाराच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनात मुकादम म्हणून लागायला निघाले होते. शेगावच्या टेसनावर गाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. बसल्यावर त्यांच्या मनात आलं की आपण गाडीत बसलो खरे, पण ही बाहेरून कशी दिसते ते पाहिलंच नाही. म्हणून उतरले. लांब जाऊन नीट पाहिली. चांगली दिसत होती. निघाली तेव्हा तर फारच चांगली दिसली.

पंचांनी सहा आणे ठरवले. उकंडरावांनी पाच मागितले, कारण गाडीत त्यांचं धोतरही गेलं होतं. पाच झाले.

पुढचे आठ दिवस हेच चाललं. दोन भाऊ आले, त्यांची वाटणी व्हायची होती, म्हणून बापाच्या मरणाचं दुःख सामाईक लिहायचं की निम्मं निम्मं, यावर एक दुपार गेली. आणखी एका माणसाच्या आयुष्यात खरंच काही वाईट झालेलं नव्हतं. तो घाबरून शेजारच्या बीबी गावाला जाऊन मेहुण्याचे अनुभव घेऊन आला. पंचांनी ते नाकारले. परगावचं पीक या गावच्या आणेवारीत धरता येत नाही. तो माणूस चावडीच्या पायरीवर बसून रडला आणि ते पाहून पंचांनी त्याचा एक आणा कमी केला. कादरने स्वतःला साडेपाच लावले. पाटलांनी स्वतःला चार लावले, आणि दुमजली माडीच्या सावलीत उभं राहून ते सर्वांनी ऐकून घेतलं.

एकूण एकशे बारा नावं झाली. सरासरी पाच आणे आठ पै निघाली. गाव खूश होतं. इतकं वाईट आपण जगलो हे कुणालाच आधी माहीत नव्हतं.

पाचवा रकाना मात्र कोरा होता. यावरून काय वचन सुचतं, असं मी प्रत्येकाला विचारलं होतं. प्रत्येकाचं उत्तर एकच. ते रुखमाबाईला विचारा.

रुखमाबाई शाळेचे दोन रांजण भरायची. वय साठ असेल. कौन्सिलच्या कागदावर ‘पाणी भरणारी बाई, एक’ अशी नोंद होती आणि ती नोंद कायम होती. गावात भांडण झालं, लग्न मोडलं, बैल हरवला की लोक विहिरीवर तिच्यापाशी यायचे. ती पोहरा ओढता ओढता एक वाक्य बोलायची आणि माणूस परत जायचा. बारशाला, मौतीला, वाटणीला तिचं वाक्य लागायचं. बाकीचं गाव त्याच वाक्यांवर दिवस काढत होतं, आणि संपली की पुन्हा तिच्याकडे जात होतं.

ती चावडीवर आली नव्हती. पंचांनी तिची आणेवारी ती नसतानाच लावली होती. नवरा प्लेगात गेला. दोन मुलं मानमोडीच्या तापाच्या साथीत, एकाच आठवड्यात. मुलगी बाळंतपणात, बीबीला. तीन आणे. गावातला सर्वांत लहान आकडा. लिहिताना पाटील म्हणाले होते की रुखमाबाईचा गावाला मोठा आधार आहे.

मी विहिरीवर गेलो. दोन्ही तक्ते हातात होते. तिला म्हणालो, रुखमाबाई, तीस वचनं पाहिजेत, नाहीतर मार्चमध्ये मी पुन्हा कमी होतो.

तिने दोर हातावर गुंडाळला. “माहे किती लिहिले, मास्तर?”

मी सांगितलं.

“बांधावर कोन उभं होतं?”

पाटील, उकंडराव, कादर.

तिने पोहरा खाली ठेवला. तिला पोहरा खाली ठेवताना मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

“तीन आने,” ती म्हणाली. “मंग माहे लेकरं किती आन्याचे होते?”

  मी म्हणालो की हा आकडा मुलांचा नाही, दुःखाचा आहे, आणि तो जितका कमी तितकं गावाचं भलं आहे. बोलताना मला स्वतःलाच पटवारी झाल्यासारखं वाटलं.

“थोरला बारा वर्साचा झाला होता,” ती म्हणाली. “त्याले पोहरा वढता येत होता. पोरगी कोनाले ऐकत नव्हती, मलेई नाही. धन्यासंगं मी अठरा वर्स भांडली, एक दिवस रिकामा गेला नाही. ते गेले ते गेले. पन होते न? सोळा लिहा. पंधरा बी नोको.”

मी तिला हिशोब सांगितला. पाटील ऐकणार नाहीत हेही सांगितलं. ती पोहरा उचलून विहिरीत सोडत म्हणाली, “त मंग वचनं पाटलालेच मांगा.”

मी पाटलांकडे गेलो. पाटीवर गणित करून दाखवलं. एका बाईचे तीनाचे सोळा केले, तरी एकशे बारा माणसांत सरासरी जेमतेम दीड पैने वर जाते. सहाच्या खालीच राहते. पाटलांनी पाटी बाजूला ठेवली. म्हणाले, मास्तर, तुम्ही शाळा शिकलात, आणेवारी नाही शिकलात. साऱ्या शिवारात एक शेत सोळा आण्यांचं लिहा, साहेब घोडा घेऊन त्याच शेतावर येतो. बाकीची शंभर शेतं तो पाहत नाही. सोळा लिहायचं नाही.

त्या संध्याकाळी मी खोलीवर येऊन ट्रंक उघडली, पुरती. तळाशी आईने घातलेली सोलापुरी चादर होती, घडी न मोडलेली, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मी ट्रंक बंद केली. टाक घेतला आणि रुखमाबाईच्या नावापुढचा तीन खरवडून सोळा लिहिला. कचेरीच्या प्रतीत लिहिला आणि नकलेतही लिहिला. सही केली.

दुसऱ्या दिवशी तिला दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण बाजारहाटाच्या हिशोबापुरते आकडे येत होते. तिने ओला हात लुगड्याला पुसून बोट एकावर ठेवलं, मग सहावर ठेवलं. मग दोर सोडला आणि बोलायला लागली.

तीन दिवस ती पाणी ओढत होती आणि मी पायरीवर बसून लिहीत होतो. एका पोहऱ्याला एक, कधी दोन. संधी आली आणि गेली त्यावर. आली आणि ओळखली नाही त्यावर. उशिरा शहाणं होण्यावर, लवकर शहाणं होण्याच्या नुकसानीवर, आणि दुसऱ्याला शहाणं करायला जाण्यावर तर सलग चार. एकतीस झाली. ती मी इथे देत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, ती सरकारजमा झाली आहेत.

एकाच बाईच्या नावावर एकतीस वचनं दिसली, तर साहेबांना रयत कमी वाटेल, म्हणून मी ती गावभर वाटली. ज्याच्या अनुभवाला जे बसेल ते. उकंडरावांच्या गाडीला एक इतकं नेमकं बसलं की लिहून झाल्यावर मी टाक खाली ठेवला.

आपले सोळा आणे झाले, हे रुखमाबाईने विहिरीवर सगळ्या बायांना सांगितलं. बायांनी घरी सांगितलं. पाटील शाळेत आले आणि म्हणाले, खोडा. मी म्हणालो, कागद शाळेचा आहे. हे मी कसं म्हणालो मला माहीत नाही. माझा चेहरा हलत नसल्याचा त्या दिवशी प्रथमच उपयोग झाला. पाटील म्हणाले, ठीक आहे, सूट आली तर आली. नाही आली तर कुणामुळे ते गावाला दिसेल.

डिप्टीसाहेब पौषाच्या शेवटी नांदुऱ्याहून बैलांच्या दमणीत बसून आले. गळ्याला मफलर, खिशाला फाउंटन पेन. त्यांनी पोरांना दोन पाढे विचारले, भगवंतरावांच्या दम्याची चौकशी केली आणि तक्ता मागितला. वाचत गेले. वाचताना दोनदा हसले, एकदा चष्मा काढून पुसला. उकंडरावांच्या नावाशी थांबले. म्हणाले, या गृहस्थांना बोलवा.

उकंडराव पागोटं घालून बाहेरच बसले होते. साहेबांनी त्यांना त्यांचं वचन वाचून दाखवलं. उकंडरावांनी ते मान खाली घालून ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हे मी म्हनलो?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

“कवा?”

साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. उकंडराव बाहेर गेले ते सगळ्यांना सांगत, की आपण असं काहीतरी म्हणालो आहोत, पण काय ते आता आठवत नाही.

मग खोलीत साहेब आणि मी दोघंच उरलो. भगवंतराव खोकायला ओसरीवर गेले होते. साहेबांनी सहाव्या रकान्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, गावकऱ्यांची पद्धत आहे. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, मोठे साहेब यावर एक वेगळं प्रकरण लिहितील. बोट खाली खाली नेत ते एका जागी थांबले.

“ही काय चूक झाली आहे?”

मी पाहिलं.

“नवरा गेला, दोन मुलं साथीत गेली, मुलगी गेली. आणि सोळा आणे? एक जादा पडला आहे. सहा लिहायचे होते तुम्हाला.”

मी म्हणालो, साहेब, बाईनेच तसं सांगितलं.

“बाई काय सांगेल. पुस्तक विलायतेत छापायचं आहे, मास्तर. तिथले लोक म्हणतील, इकडच्या शिक्षकाला आकडे मांडता येत नाहीत.” त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. “एक खोडा आणि बाजूला सही करा. सहा तिला शोभतात.” आणि मग, अगदी सहज, “तुमच्या शिफारशीचा कागद मी आणलाच आहे. इथेच सही करून टाकतो.”

मी आतापर्यंत पुष्कळ जणांचे अनुभव ऐकले होते. संधी कशी येते, कुठल्या तोंडाने, कुणी काय केलं. उकंडराव गाडीतून उतरले होते. मला वाटलं होतं, माझ्यावर वेळ आली तर निदान ती आहे हे तरी मला कळेल. कळलं. मी पेन घेतलं. ते फारच सहज चालत होतं. एकाच्या आकड्यावर रेघ मारली आणि बाजूला सही केली.

नक्कल शाळेच्या पेटीत होती. तिच्याबद्दल साहेबांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

मी कायम झालो. आईला पत्र टाकलं. ट्रंकेतली चादर काढून खाटेवर घातली, ती दोन महिने डांबराच्या गोळ्यांचा वास देत राहिली. कादर म्हणाला, आता गादी भरून घ्या, कायम माणसाला सुतळीची खाट शोभत नाही. मी त्याला ‘शोभत’ हा शब्द वापरू नको म्हणालो. काऊन, त्याने विचारलं. मी गादीचा भाव विचारला.

सूट आली नाही. ती येण्याचं काही कारणच नव्हतं. शेतसाऱ्याच्या कचेरीत आमचा तक्ता कुणी पाहिलाही नसेल. पुढे कळलं की मोठ्या साहेबांची दुसऱ्या प्रांतात बदली झाली आणि जाताना ते घोडा घेऊन गेले, कागद नेले नाहीत. पण गावाला कारण आधीपासून ठाऊक होतं. पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं. एकशे अकरा माणसांनी गावासाठी आपलं आयुष्य पडतं घेतलं, आणि एका बाईला सोळा आणे पाहिजे होते.

बायांनी विहिरीवर तिच्याशी बोलणं सोडलं. बारशाला तिला बोलावणं जाईना. भांडणं लोक आता आपली आपण भांडतात, त्यामुळे ती संपत नाहीत. मी चावडीवर जाऊन एक वाक्य बोललो असतो, की कचेरीच्या कागदावर सोळा नाहीच, सहा आहे, तर तिच्यावरचं सगळं उतरलं असतं. दोन वर्षं झाली. मी रोज चावडीवरून जातो.

परवा ती रांजण भरून झाल्यावर वर्गाच्या दारात आली. पोरं घरी गेली होती. म्हणाली, मास्तर, तो कागद एकदा दाखवा.

मी पेटीतून नक्कल काढली. तिने हात पुसला, बोट एकावर ठेवलं, मग सहावर. बराच वेळ ठेवलं. शाई थोडी फिकी झाली होती.

“कचेरीतल्या कागदावर बी असंच हाय न?” तिने विचारलं. “पटवारी घरी एक दाखवते, तिकडं एक देते. मले माहीत हाय.”

“असंच आहे,” मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझा चेहरा हलत नाही हे मी आधी सांगितलंच आहे.

“गाव बोलते मले,” ती म्हणाली. “बोलू द्या. तिकडं लिहेल हाय म्हनून त बोलते.”

मग तिने माझा तांब्या उचलला, रांजणातून भरला आणि टेबलावर ठेवून गेली. मी नक्कल घडी करून पेटीत टाकली, कुलूप लावलं. पाणी गार होतं. मी ते उभ्यानेच प्यायलो आणि तांब्या पालथा ठेवला.